कासवाच्या ताटातला पाला

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून किंवा कुठल्याही शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून कासवाचे पिल्लू घेतले, की सोबत दोन वस्तू हातात पडतात. एक प्लास्टिकचे भांडे, त्यात मधोमध छोटे बेट आणि बेटावर प्लास्टिकचेच नारळाचे झाड. दुसरी, सुकवलेल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांची डबी. पिल्लू रुपयाच्या नाण्याहून जरासे मोठे, हिरवेगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले. रोज सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकत जा, एवढी सूचना मिळते आणि खरेदी संपते. त्या चिमटीवर पिल्लू काही महिने छान तरतरीत राहते. डबी उघडल्याचा आवाज आला की पाण्यात धडपडत काठाशी येते, घरातली मुले हरखतात. मग एके दिवशी त्याच्या पापण्या सुजतात.

या सुजेपर्यंत पोहोचलेली कासवे किती घरांत असतील, याचा विचार करताना मला दरवेळी वाटते, की यातली बहुतेक सूज भाजीच्या एका जुडीने टळली असती.

लाल पट्ट्याचे हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. संथ पाणी, तळाला चिखल, वर उन्हात वाळलेले ओंडके आणि भोवती भरपूर पाणवनस्पती ही त्याची राहण्याची जागा. लुईझियाना राज्यात त्याची पैदास करणारी कासवशेते आहेत आणि 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक स्लायडर परदेशी गेले. खुद्द अमेरिकेत मात्र कवच चार इंचांपेक्षा लहान असलेले कासव पाळण्यासाठी विकायला 1975पासून बंदी आहे. लहान मुले पिल्लांना तोंडाशी नेत आणि साल्मोनेलाच्या जिवाणूंनी आजारी पडत, म्हणून ती बंदी आली. आपल्याकडे विकले जाते ते नेमके याच आकाराचे पिल्लू. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायची नाहीत, हे त्यामुळे आधीच सांगून ठेवते.

नीट वाढले तर मादीचे कवच फूटभराच्या जवळपास जाते आणि स्लायडर वीस-तीस वर्षे सहज जगतो. म्हणजे बालवाडीतल्या मुलीसाठी घेतलेले कासव तिच्या लग्नानंतरही घरात असू शकते. एवढ्या आयुष्यात त्याचा आहार एकसारखा राहत नाही, आणि पाळणाऱ्याला हीच गोष्ट कुणी सांगितलेली नसते. क्लार्क आणि गिबन्स या अमेरिकी संशोधकांनी 1969 साली या जातीच्या आहाराविषयी लिहिले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. पिल्ले किडे, अळ्या, गोगलगायी, बेडकाची पिल्ले यांच्यावर वाढतात. मोठी झालेली कासवे मुख्यतः वनस्पती खातात. पिल्लाला झपाट्याने अंग धरायचे असते, त्यासाठी प्रथिने लागतात. मोठ्या, जड कासवाला एकेका किड्यामागे पळणे परवडत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती तर तोंडासमोर उभ्याच असतात, आणि त्या पचवण्याइतके लांब आतडे एव्हाना तयार झालेले असते. मेलेला मासा दिसला तर तोही सोडत नाही. पण पोटातला मोठा वाटा हिरव्याचा असतो.

घरातल्या टाकीत हा बदल घडायला वावच नसतो. कासव वाढते, डबी तीच राहते.

आता त्या सुजलेल्या पापण्यांकडे येऊ, कारण भाजीचा संबंध इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा थोडा साठा असतो. त्यावर काही महिने निघतात. निव्वळ सुक्या कोळंबीत किंवा मांसाच्या तुकड्यांत हे जीवनसत्त्व पुरेसे नसते, म्हणून साठा संपला की शरीराची आतली अस्तरे बिघडू लागतात. डोळ्याजवळच्या ग्रंथींतला नाजूक पेशींचा थर जाड, खरखरीत होतो, नलिका तुंबतात, ग्रंथी फुगतात आणि पापण्या मिटून जातात. कासव अन्न डोळ्यांनी शोधते. दिसत नाही म्हणून ते खात नाही, खात नाही म्हणून उणीव आणखी वाढते. त्यात श्वासनलिकेचे अस्तरही बिघडलेले असते, त्यामुळे न्यूमोनिया गाठतो. तेव्हा कासव पाण्यात एका बाजूला कलून तरंगू लागते. काहींच्या डोक्याच्या बाजूला, कानाच्या जागी, गाठ येते. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. तो औषधाने विरघळत नाही, चिरून काढावा लागतो.

घरोघरी होणारा पहिला उपाय म्हणजे माणसांच्या डोळ्यांत घालायचे थेंब. त्याने काही साधत नाही, कारण दुखणे डोळ्यात नसून ताटात असते. दुसरे टोक म्हणजे अ जीवनसत्त्वाचे जोरदार इंजेक्शन. मात्रा जास्त झाली तर कासवाची कातडी सोलून निघते आणि ते दुखणे मूळ आजाराहून भयंकर ठरते. म्हणून सुजेवर इलाज सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडेच व्हायला हवा. असा पशुवैद्य शोधायला थोडी पायपीट करावी लागते. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, कासवाचे तसे नाही. सूज येऊ न देणे मात्र आपल्या हातात आहे. गाजर, लाल भोपळा आणि गडद हिरव्या पानांमधल्या कॅरोटीनपासून स्लायडरचे शरीर हवे तेवढे अ जीवनसत्त्व घडवते आणि नको तेवढे घडवत नाही. गोळीत किंवा इंजेक्शनात असणारा जास्तीचा धोका भाजीत नाही.

दुसरा हिशेब कॅल्शियमचा. कवच म्हणजे हाड. बरगड्या आणि कणा पसरून, सांधून बनलेले जिवंत हाड, वरून नखासारख्या पदार्थाचे आवरण. ते बांधायला कॅल्शियम लागते, आणि आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे, निदान बरोबरीने तरी असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. चिकनच्या तुकड्यात हे प्रमाण उलटे असते: फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट. रोज चिकन खाणाऱ्या कासवाचे शरीर मग रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी आपल्याच हाडांतून ते काढू लागते. कवच बोटाने दाबले तर दबते, कडा वर वळतात, मागचे पाय ओढले जातात. पोळी, भात आणि ब्रेडवर वाढवलेल्या कासवांचेही असेच होते, कारण धान्यातही फॉस्फरस जास्त. घरातला घास प्राण्याला द्यावा ही आपली जुनी रीत आहे आणि त्यामागची माया खरी आहे. फक्त हा पाहुणा नदीतला आहे आणि पोळी त्याच्या अंगाला लागत नाही.

कॅल्शियमसाठी एक स्वस्त गोष्ट काष्ठौषधीच्या दुकानात मिळते: समुद्रफेस. माकुलाच्या जातीतल्या जिवाच्या पाठीतले हे पांढरे, हलके कवच कोकणच्या किनाऱ्यावर फिरताना वाळूतही सापडते. त्याची कडक पाठ खरवडून काढायची आणि मऊ भाग पाण्यावर सोडून द्यायचा. कासवाला हवे तेव्हा ते येऊन कुरतडते. चोचही त्याने झिजत राहते. कासवाला दात नसतात, चोचीच्या कडा असतात, आणि सतत मऊ खाणे मिळाले तर त्या वाढून पोपटासारख्या वाकतात.

आता पिशवी घेऊन मंडईत जाऊ. आपला भाजीबाजार कासवासाठी फार संपन्न आहे, अमेरिकेतल्या पुस्तकांत सांगितलेल्या भाज्यांची नावे शोधत बसायची गरज नाही. माझ्या यादीत पहिला शेवग्याचा पाला. गोकुळाष्टमीला मालवणकडे ज्याची भाजी होते तोच. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, कॅरोटीनही भरपूर. पाने बारीक असल्याने चिरावी लागत नाहीत, डहाळी झटकली की पाण्यावर पसरतात. कित्येक सोसायट्यांच्या आवारात शेवग्याचे झाड असतेच. शेंगा वाटून घेतल्या जातात, पाला कुणी नेत नाही. त्याच्या जोडीला जास्वंद. पाने आणि फुले दोन्ही चालतात, आणि लाल फूल कासवाच्या नजरेत लगेच भरते. मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला भाजीवाली बहुधा तोडून टाकते. मागितला तर फुकट मिळतो. माळावर, शेताच्या बांधावर उगवणारी पाथरी उत्तम. मेथी, कोथिंबीर अधूनमधून द्यावी.

गाजर सोलाण्याने लांब पापुद्रे काढून द्यावे. ते पाण्यात हलतात आणि हलणाऱ्या गोष्टीकडे कासव वळते. गाजर खाल्ल्यावर विष्ठा नारिंगी होते, ते रक्त नाही, घाबरू नये. लाल भोपळा किसून किंवा जरासा वाफवून. रताळ्याच्या बाबतीत एक तपशील महत्त्वाचा आहे. परदेशी सल्ल्यांत रताळे हटकून असते, पण ते आतून नारिंगी असलेले. आपल्याकडे उपासाला मिळणारे रताळे बहुतेक वेळा आतून पांढरे, त्यात कॅरोटीन जवळजवळ नाही. तेव्हा भोपळ्याची जागा त्याला देऊ नये.

पालक हा सगळ्यात मोठा गैरसमज. हिरवा म्हणजे चांगला असे समजून लोक रोज पालक देतात. पालकातले ऑक्झालेट त्यातल्या कॅल्शियमच्या कितीतरी पट असते. ते कॅल्शियमला बांधून टाकते आणि आतड्यातून तसेच बाहेर नेते. माठ, तांदुळजा, चाकवत, घोळ यांतही ऑक्झालेट आहे. महिन्यातून एखाद्या वेळी मिसळणीत आले तर बिघडत नाही, रोजचे जेवण म्हणून ते नकोत. अळू कच्चे अजिबात द्यायचे नाही. त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी आपल्या घशाला खाज सुटते, तेच कासवाच्या तोंडात होते. दिवाणखान्यातला मनीप्लांटही याच कुळातला आहे, म्हणून टाकीवर त्याच्या वेली सोडू नयेत. कोबी आणि फ्लॉवर रोज दिले तर थायरॉइडला लागणाऱ्या आयोडीनच्या वापरात अडथळा येतो, कधीतरी चालतात. काकडी आणि हॉटेलातला फिका गोल लेट्यूस म्हणजे जवळजवळ पाणीच. कासव ते आवडीने खाते आणि पोट भरल्यासारखे करते, एवढाच त्यांचा तोटा. फळांची स्लायडरला गरज नाही.

कुठलीही पालेभाजी आधी पाण्यात बुडवून ठेवून दोन-तीनदा खळखळून धुवायची. कासवाचे वजन पाव किलो असते, आपले साठ किलो. फवारणीचा जो अंश आपल्याला जाणवत नाही तो त्याच्या वाट्याला फार मोठा होतो.

इतके सांगितल्यावर उलट बाजूनेही सांगायला हवे. शाकाहारी घरांत कासव आणले जाते, अनेकदा वास्तूला चांगले म्हणून, आणि मग घरात मासळी नको म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला निव्वळ काकडी आणि कोबी मिळतो. पिल्लाच्या वयात हे उपासमारीइतकेच वाईट आहे. पहिले वर्षभर तरी त्याच्या आहारात प्राणिज प्रथिनांचा वाटा मोठा असलाच पाहिजे. घरात मांस-मासळी चालत नसेल तर चांगल्या कंपनीचे कासवासाठीचे दाणेदार खाद्य हा मार्ग आहे. त्यात माशांचे पीठ असते, पण ते डब्यातून थेट पाण्यात जाते. तेही ज्यांना नको असेल त्यांनी कासव आणू नये, असे मी स्पष्ट म्हणते. आपल्या श्रद्धेचे ओझे दुसऱ्या जिवाच्या पोटावर टाकायचा अधिकार आपल्याला नाही. मासळी चालणाऱ्या घरांत गांडुळे, छोटा ताजा मासा काट्यासकट, किंवा खारटपणा जाईपर्यंत भिजवलेला जवळा देता येतो. कासव वाढत जाईल तसे दाणे रोजच्याऐवजी दोन-तीन दिवसांतून एकदा, त्याच्या डोक्याएवढ्या मापात, आणि पाला रोज. मोठ्या कासवाच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा निम्म्याहून अधिक भाग हिरवा असावा.

कोळंबीवर वाढलेले कासव एका दिवसात भाजी खात नाही. बहुतेक जण इथेच हरतात. दोनदा मेथी टाकली, कासवाने पाहिलेही नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा डबी. आमच्याकडची मादी आता पंजाहून मोठी आहे, आणि तिला पाल्याकडे वळवताना मला कळले की वेळ आणि भूक या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. सकाळी, उन्हाने पाणी कोमट झाले की तिची भूक सगळ्यात जास्त. तेव्हा आधी पाला, आणि तासाभराने उरलासुरला काढून दाणे. पाने कोळंबीच्या पाण्यात भिजवून टाकली तर वास येतो आणि ती पहिला चावा घेते. तो चावा पाहण्यासारखा असतो. मान ताणून ती पानाची कड चोचीत धरते, मग पुढचे दोन्ही पाय एकाआड एक तोंडाशी आणून नखांनी पान बाहेरच्या दिशेने लोटते. पान फाटते, चोचीत उरलेला तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर आत जातो. पाण्यातल्या कासवाची जीभ हलत नाही, अन्न मागे सरकवायला पाणीच लागते. म्हणून कोरड्या ताटलीत वाढलेली भाजी तशीच पडून राहते. जेवण वेगळ्या टबात द्यावे, म्हणजे राहत्या टाकीचे पाणी नासत नाही.

हट्टी कासवासाठी चायना ग्रासचा उपयोग होतो. धुतलेला शेवग्याचा पाला, किसलेला भोपळा आणि भिजवलेले थोडे दाणे मिक्सरमधून काढायचे, चायना ग्रास पाण्यात उकळून, कोमट झाल्यावर त्यात मिसळायचे आणि ताटलीत थापून वड्या पाडायच्या. मीठ, साखर, दूध काही नाही. वडी पाण्यात विरघळत नाही आणि कासवाला निवडानिवड करता येत नाही. आठवड्यागणिक दाणे कमी आणि पाला जास्त करत जायचे. वड्या फ्रीजरमध्ये टिकतात, फक्त डब्यावर नाव लिहून ठेवावे.

भाजी पोटात गेली तरी ती अंगी लागायला ऊन हवे. आतड्यातून कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत बनते ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. बंद काचेआड ठेवलेल्या टाकीला झळाळते ऊन मिळाले तरी कासवाला त्याचा उपयोग शून्य, उलट पाणी तापून ते दगावू शकते. सकाळचे कोवळे ऊन, उघड्या गॅलरीत, अंग कोरडे करता येईल असा दगड आणि बाजूला सावली. पावसाळ्यात मुंबईला आठवडे-आठवडे ऊन नसते, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा अतिनील दिवा लागतो. पुणे-नाशिकच्या थंडीत कासव खाणे कमी करते किंवा थांबवते. त्याचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते, गार पडले की पचन मंदावते. तेव्हा कोंबून भरवू नये. आधी पाणी पंचवीस अंशांच्या आसपास आणावे, मग अन्न. तरीही खात नसेल तर पशुवैद्य.

हे सगळे पाण्यातल्या परदेशी कासवाबद्दल. जमिनीवरच्या तारांकित कासवाची गोष्ट निराळी आहे, आणि ती आधी कायद्याची आहे. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या असलेले हे आपले देशी कासव सर्वस्वी शाकाहारासाठी बनलेले: गवत, पाने, फुले, फड्या निवडुंग. ते पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 2022च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची एकमध्ये आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. 2019मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आली. घरात लपवून ठेवलेल्या या कासवांच्या कवचावर उंचवटे आलेले दिसतात. पूर्वी त्याचा दोष जास्त प्रथिनांना दिला जाई. वीस्नर आणि ईबेन यांनी 2003मध्ये आफ्रिकी कासवांवर केलेल्या अभ्यासात मात्र कोरडी हवा हे मोठे कारण दिसले, प्रथिनांचा परिणाम किरकोळ. अर्थात हवा दमट केली म्हणून तारांकित कासव घरात ठेवता येत नाही. देशी मृदुकवची कासव आणि नदीतली छप्परपाठीची कासवे यांनाही हाच कायदा लागू. कुणाकडे असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

स्लायडर मात्र उलट दिशेने धोक्याचा. सांभाळणे झेपेना की लोक तो देवळाच्या तळ्यात सोडतात, पुण्य म्हणून. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळात त्रिशूरजवळच्या पाण्यात हे स्लायडर सापडले आहेत. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. तो देशी कासवांची उन्हाची जागा आणि अन्न बळकावतो, त्यांना रोग देतो. मोठ्या कासवाची भूक पाल्यावर भागते हे वर सांगितलेच. तळ्यात सोडल्यावर तीच भूक तिथल्या पाणवनस्पतींवर पडते.

ठेवणे अगदीच शक्य नसेल तर प्राणी वाचवणाऱ्या संस्थेकडे विचारावे, किंवा ज्याच्याकडे मोठी टाकी आणि ऊन आहे असे घर शोधावे. देताना सोबत एक कागद द्यावा: कोणता पाला खाते, कोणता नाकारते, दाणे किती दिवसांनी, वड्या कशा केल्या, पाणी किती कोमट लागते. नव्या जागी कासव बरेच दिवस अनोळखी अन्नाला तोंड लावत नाही. ओळखीचा शेवगा पहिल्या आठवड्यात समोर आला तर ते लवकर खाऊ लागते.